ओव्हरसियरचं चाकावरचं घर

जू वर उचललं गेलं आणि दोन्ही बैलांच्या माना आभाळाकडं झाल्या. मी गाडीच्या मागच्या भागात चुलीच्या कोपऱ्यात बसले होते, मांडीवर पिठाचा डबा. समोर काकी. पुढच्या दारातून मघापर्यंत रस्ता दिसत होता, तिथं आता नुसतं आभाळ दिसायला लागलं. बैलांचा आवाज आला. हंबरण्याचा नव्हे, गळा आवळल्यावर येतो तसा. मग गाडी मागं निघाली.

काकी म्हणाल्या, "गेलो गं आपण."

मी म्हटलं, "धरा कशाला तरी."

"कशाला धरू? सगळंच चाललंय."

चढ गगनबावड्याच्या अलीकडचा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. आणि गाडीच्या मागं, बरोबर चाकाच्या वाटेत, आमचे घरमालक हातात लाकडी पाचर घेऊन उभे. गाडी त्यांचीच. तिचा एकेक खिळा त्यांनी समोर उभं राहून मारून घेतला होता. गाडी अंगावर येत होती आणि ते ओरडत होते, "जागेवरून हलू नका. तोल बिघडेल."

तोल बिघडायचा राहिलाच होता जणू.

मी तेव्हा अठरा वर्षांची होते. नवरा राधानगरीला धरणाच्या कामावर दगड फोडायला गेला होता आणि कोल्हापुरात शुक्रवार पेठेच्या बाजूला या गृहस्थांच्या पुढच्या खोलीत मी भाड्यानं राहत होते. ते दरबारच्या बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. गल्ली त्यांना साहेब म्हणायची, पाठीमागं वेगळं काही म्हणायची. त्यांच्या बायकोला सगळे काकी म्हणत. मूल नव्हतं.

साहेबांनी तीस वर्षं सरकारी इमारतींची छपरं तपासली होती. त्यातनं त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की जगातलं प्रत्येक छप्पर पडायच्या बेतात आहे आणि लोकांना ते कळत नाही. त्यांचं नेहमीचं वाक्य होतं, "छप्पर सांगून पडत नसतं." हे ते जेवताना म्हणत, दाढी करताना म्हणत, कोणाच्या घरी बाळ झालं तरी म्हणत. कोणाच्याही घरी गेले की उंबऱ्यात उभे राहून आधी वर बघायचे. मग आत टाकायचा तो एकच पाय. हातातल्या काठीनं खांबाला ठोकायचे, कान लावायचे आणि निकाल द्यायचे. "दोन वर्षं." किंवा "पाच वर्षं, पाऊस बरा असला तर." एकदा गल्लीतल्या एका घरी मयत झालेलं. साहेब भेटायला गेले, वर बघितलं आणि विधवेला म्हणाले, "याच्या आधी हे आढं बदलायला हवं होतं." ती बिचारी रडायची थांबली आणि वर बघत बसली.

देवळात ते सभामंडपाच्या बाहेरूनच नमस्कार करायचे. पुजाऱ्यानं एकदा विचारलं, "साहेब, आत का न्हाय येत? देवी हाय की राखाय."

साहेब म्हणाले, "देवी तिच्या जागी आहे. तुळई तिच्या जागी नाही."

मी चौथीपर्यंत शिकलेली. महाराजांच्या राजवटीत मुलींना शाळेत घालायची टूम निघाली होती, तिच्यात मीही गेले. तेवढ्यावर साहेबांनी मला कामाला लावलं. त्यांची एक वही होती. चष्मा लावायला ते कंटाळायचे, म्हणून वही मी वाचून दाखवायची. तिच्यात गावातली घरं होती. घराचा मालक, घराचं आढं, उरलेली वर्षं. मी नवी राहायला आले तेव्हा वाटलं, हा माणूस ज्योतिषी असावा. त्यांनी सांगितलेलं एकही घर मी असेपर्यंत पडलं नाही. ते म्हणत, "पडेल."

एवढं सगळं चालून गेलं असतं. वेडी माणसं प्रत्येक गल्लीत असतात, आमच्या गल्लीला एकच होता ते कमीच म्हणायचं. पण त्याची किंमत काकी मोजत होत्या.

काकींचं माहेर गगनबावड्याचं. लग्नानंतर काही वर्षांनी साहेब सासुरवाडीला गेले, पंगत बसली, साहेबांनी वर बघितलं आणि ताटावरून उठले. आढ्याला चीर आहे म्हणाले. पाऊस कोसळत होता. हा माणूस अंगणात घोंगडी पांघरून उभा राहिला, पण आत येऊन बसला नाही. गगनबावड्याचा पाऊस म्हणजे काय ते ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. काकींचा भाऊ तापट. त्यानं बहिणीला सांगितलं, "पुढच्या खेपेला जोडीनं यायचं. पावणं आमच्या दारात आलं तर ये, न्हाय तर तू बी येऊ नगंस." साहेब म्हणाले, त्या आढ्याखाली मी मेलो तरी झोपणार नाही. आणि भाऊ आपल्या शब्दावरून हलेना. या दोन रेड्यांच्या मध्ये काकींची चौदा वर्षं गेली.

मग निरोप आला की आईचे डोळे चालले. एक गेला होता, दुसऱ्यानं अजून माणूस ओळखू येत होतं. आईचे शब्द होते, "दिसतंय तवर येऊन जा."

काकींनी रडारड केली नाही. त्यांनी स्वयंपाक बंद केला. साहेबांना दुसऱ्याच्या हातचं चालत नव्हतं, कारण दुसऱ्याच्या हातचं दुसऱ्याच्या छपराखाली शिजलेलं असतं. दोन दिवस ते शेंगदाणे आणि गूळ खाऊन राहिले. तिसऱ्या दिवशी उठले आणि म्हणाले, "आपण आपलं छप्पर घेऊन जाऊ."

मला वाटलं, उपाशी पोटी भ्रम झाला असेल. पण त्यांचा हिशोब सरळ होता. बैलगाडीवर घर बांधायचं. सासऱ्याच्या अंगणात उभं करायचं. जावई दारात आला म्हणजे आला, आणि झोपला आपल्या छपराखाली.

काकींनी चूल पेटवली.

आता गाडी कसली घ्यायची हे ठरवायला साहेबांना अडीच महिने लागले. आधी ते पंचगंगेच्या काठाला उतरलेल्या घिसाड्यांकडं गेले. घिसाडी म्हणजे गाडीवर संसार घेऊन गावोगाव लोखंडाची कामं करणारे. ज्या माणसानं चौदा वर्षं मेहुण्याच्या ओसरीवर पाय ठेवला नाही तो घिसाड्यांच्या राखेत मांडी घालून तीन दिवस बसला. मी वही घेऊन सोबत. तिथली एक म्हातारी होती, तंबाखू मळत बसायची. साहेबांनी तिला विचारलं, "गाडीत झोपताना डोकं पुढं करता का मागं?"

म्हातारी हसली. "गाडीत कोण झोपतंय बाबा? गाडीत भांडी, कोंबड्या. आमी गाडीखाली."

"आणि चढाला?"

"चढाला समदी खाली. मी बी. पोरं बी. कोंबड्या तेवढ्या वर."

साहेबांनी मला सांगितलं, "लिही. यांचे बैल अशक्त असतात." मी तसं लिहिलं.

मग गाडी करणाऱ्या मिस्त्रींकडं. हे मुसलमान, बापजाद्यांपासून गाड्या घडवणारे. शहरातल्या निम्म्या गाड्या त्यांच्या हातच्या. बोलायला सावकाश, हाताला एक बोट कमी. साहेबांनी कागदावर काढलेलं घर त्यांच्यापुढं पसरलं. सागवानी भिंती, दोन खिडक्या, मागं स्वयंपाकाची जागा, पुढं बैठक, आणि वर आढं, वासे, सगळं रीतसर.

मिस्त्रींनी कागद उलटा करून बघितला, मग सुलटा. "साहेब, ही गाडी हाय का देऊळ?"

"घर आहे."

"मग चाकं कशापायी?"

"चालणारं घर आहे."

"बैलं कुठली?"

साहेबांची एक जोडी होती, एका छोट्या गाडीला जुंपायची. एक सोन्या, पांढरा, गरीब. दुसरा दिवाण. हा दरबारातल्या कारभाऱ्यासारखा चालायचा, कुठलीही घाई त्याला लागू नव्हती. दोघं उंचीला सारखे नव्हते. दिवाण चार बोटं ठेंगणा. मिस्त्री म्हणाले, "आधी बैलं आणा हितं. बैलं बगून गाडी करत्यात, गाडी करून बैलं बगत न्हाईत."

बैल आणले. मिस्त्रींनी त्यांच्या माना चाचपल्या, खांद्यावरचे घट्टे बघितले, पाय बघितले, शेणसुद्धा बघितलं. मग म्हणाले, "साहेब, ह्यास्नी धमणी वडंल. कापडाचं छत असलेली हलकी गाडी. दोन माणसं, एक ट्रंक. घर न्हाय वडायचं. घर पायजे तर चार बैलं घ्या."

"चार बैल अंगणात मावायचे नाहीत."

"मग घर ल्हान करा."

इथून जी घासाघीस सुरू झाली ती मला अजून ऐकू येते. सागवान गेलं, बांबूच्या तट्ट्या आल्या. दोन खिडक्यांची एक झाली. पलंग गेला, गादी राहिली. काकींचा पाटा-वरवंटा राहिला, कारण काकी म्हणाल्या, "आईच्या घरचा पाटा मागायला जाणार नाही मी." पण छपराला साहेबांनी हात लावू दिला नाही. ताडपत्री टाकू या असं मिस्त्री म्हणाले तर साहेबांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की जणू ताडपत्रीखाली माणसं मरताना यांनी डोळ्यांनी बघितली आहेत. शेवटी छप्पर लाकडी झालं. आढं चांगलं मनगटाएवढं, वासे जवळजवळ, वर पत्रा.

मिस्त्री म्हणाले, "ओझं उंच झालं. चढावर उंच ओझं मागं कलतंय."

साहेब म्हणाले, "तुम्ही लाकूड बघा, तोल मी बघतो."

त्यांना वाटायचं बैल किती ओढतात हा प्रश्न आहे. त्यासाठी त्यांनी एक दिवस सगळी गल्ली एका उघड्या गाडीवर बसवली. कोष्ट्याची म्हातारी, तिची सून, दोन पैलवान, एक वाणी, मी, शिवाय तीन पोती. रंकाळ्यापर्यंत नेऊन आणली. लोकांची करमणूक झाली. बैलांनी ओढलं. साहेब खूश होऊन मिस्त्रींना म्हणाले, "बघा, घरापेक्षा ही माणसं जड होती."

मिस्त्री विडी विझवत म्हणाले, "बैलं किती वडत्यात त्यो सवाल न्हवं साहेब. मानंवर किती बसतंय त्यो सवाल हाय. फुडं जास्ती झालं तर मान मोडतीया. मागं जास्ती झालं तर गाडी उलाळ हुतीया, जू वर जातंय, बैलाला फास बसतोय."

उलाळ म्हणजे मागं ओझं जाऊन पुढनं उचलली गेलेली गाडी. हा शब्द साहेबांना नवा नव्हता. तोल हा तर त्यांचा जीव. त्यांनी घर तयार झाल्यावर आम्हाला सगळ्यांना आपापल्या जागी बसवलं. मागं चूल, पाटा, पाण्याची घागर, काकी आणि मी. पुढच्या फळीवर म्हादू गाडीवान. त्याच्या पाठीला लागून बैठकीत स्वतः साहेब, आणि ते काही लहान माणूस नव्हते. बैल न जुंपता मिस्त्रींनी जू तळहातावर तोललं. साहेबांनी आतून विचारलं, "किती?"

"एक हातानं पेलतंय. झ्याक हाय."

मग चाकांचा आख दोन बोटं पुढं, एक बोट मागं असं तीनदा करून घेतलं. शेवटी जू बैलाच्या मानेवर असं बसलं, की दिवाणसुद्धा कुरकुरला नाही. मला आजही सांगायचं तर ती गाडी अप्रतिम होती. सगळे आत बसलेले असेपर्यंत.

दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो. काकींनी मला सोबत घेतलं. रस्त्यात बोलायला बाईमाणूस असावं म्हणाल्या. खरं म्हणजे भाकरी थापायलाही. मला चालणार होतं. लग्न झाल्यापासून मी चार भिंती आणि हौद यापलीकडं काही बघितलं नव्हतं.

गल्ली वाटेला लावायला आली. एका पैलवानानं विचारलं, "साहेब, भाडेकरू ठेवणार का त्यात?"

साहेब म्हणाले, "तुमच्या घरापेक्षा हे जास्त दिवस टिकेल."

पहिला टप्पा सपाट, भाताच्या कापणीचे दिवस, दोन्ही बाजूंना पेंढ्या. लोक काम टाकून बघायचे. कोणी विचारायचं, "पावणं, आत काय हाय? देव का?" म्हादू सांगायचा, "मालक हायती." लोक तरी हात जोडायचे. साहेब आतून मान हलवून स्वीकार करायचे.

पहिला चढ आला तसा म्हादू खाली उतरला. कुठलाही गाडीवान उतरतो. बैलाच्या शेजारून चालायचं, दोराला धरून. साहेबही उतरले. कुठलाही चांगला पुरुष उतरतो. चढावर गाडीत बसून राहिलेल्या गड्याला आमच्याकडं लोक नावं ठेवतात. बायकांनी उतरायचं नाही, पडद्यात बसायचं. ओव्हरसियरची बायको रस्त्यानं पायी चाललीय असं कोणी बघितलं तर ते खपलं नसतं.

म्हणजे पुढचे दोघं उतरले आणि मागच्या दोघी, चूल, पाटा, घागर जागच्या जागी. जू वर उठलं. बैल हनुवट्या वर करून चालायला लागले, अंगावर कोणी पाणी मारल्यासारखे. चढ लहान होता म्हणून निभावलं.

म्हादू म्हणाला, "साहेब, उलाळ हुतीया."

"कशी होईल? मी उतरलो, तू उतरलास. तीन मण कमी झालं. कमी केल्यावर जास्त कसं होईल?"

"फुडचं कमी झालं न्हवं. मागचं हाय तसंच."

"एकूण कमी झालं."

 म्हादू डोकं खाजवत म्हणाला, "चढापुरतं काकीस्नी फुडं बसवा की. फळीवर."

साहेब थांबले. "गाडीवानाच्या फळीवर?"

तिथं ते बोलणं संपलं.

आतून काकी म्हणाल्या, "मी उतरते. मला पाय आहेत."

"तू बसायचं. तुला बसता यावं म्हणून तर अडीच महिने घातले."

दुसरा चढ तसाच गेला. तिसऱ्याला घागर घरंगळून माझ्या पायावर आली. मी म्हटलं, साहेब, मला तरी उतरू द्या, मी कोण लागून गेले. ते म्हणाले, "तू उतरलीस तर काकी एका बाजूला होतील." वहीत तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. गाडीची पानं मीच लिहिली होती.

शेवटच्या चढाच्या पायथ्याशी आम्ही थांबलो. वर बघितलं तर रस्ता डोंगराला बिलगून गेलेला. चढ संपला की गाव, आणि गावात डोळे जात चाललेली म्हातारी.  काकींचे सकाळपासून केस दोनदा विंचरून झाले होते. मला विचारलं, "ओळखेल ना गं मला? चौदा वर्षं झाली."

मी म्हटलं, "अंगठ्याएवढं कुंकू लावताय, कोणीही ओळखेल."

साहेबांनी पाचर काढली. ती खास करून घेतलेली होती. गाडी थांबली की चाकामागं लावायची. ते म्हणाले, "मी मागं चालतो. गाडी जरा जरी मागं सरकली तर लावतो. भिण्याचं कारण नाही." आणि म्हादूला, "चल."

अर्ध्यावर दिवाण थांबला. त्यानं मान झटकली, जू उचललं गेलं, पट्टे दोघांच्या गळ्यात रुतले, आणि मी सुरुवातीला सांगितलं ते झालं.

म्हादू जू खाली दाबायला दोन्ही हातांनी लटकला. काठीसारखा हवेत उचलला गेला. त्याचे पाय मला दारातून दिसले. मागं साहेब. गाडी येताना बघून दुसरा कोणी बाजूला झाला असता. हे झाले नाहीत. वाकून नीट, मोजूनमापून त्यांनी पाचर उजव्या चाकामागं ठेवली. चाक पाचरीवर चढलं, पाचरीवरून त्यांच्या पायावर गेलं, आणि तिथं अडखळलं. डावं चाक मोकळंच होतं, ते मागं वळत राहिलं. गाडी आडवी फिरली, डोंगराच्या अंगाला, आणि तिथल्या दगडावर जाऊन कलंडली. पाचर नसती तर ती सरळ गेली असती आणि सरळ जायला मागं काही नव्हतं. हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. त्यांच्या बाजूनं सांगण्यासारखं फार नाही, म्हणून हे सोडू नये.

आत आमच्यावर चूल, राख, पीठ, घागर. पाटा माझ्या डोक्याजवळून गेला आणि तट्टी फोडून बाहेर पडला. छपराचा एक वासा हलला नाही. तट्ट्या फाटल्या, चाकाचे आरे तुटले, छप्पर होतं तसं. काकींच्या कपाळाला खोक पडली होती, माझा खांदा निसटला होता. फाटलेल्या तट्टीतून आम्ही दोघी बाहेर आलो, डोक्यापासून पायापर्यंत पिठात.

म्हादूनं विळ्यानं सोन्याचा पट्टा कापला. सोन्या गुडघ्यावर पडला, मग उठला. दिवाणच्या बाजूला गाडीचं दांडं आडवं आलं होतं. म्हादूचा हात पोचेना. मी एका हातानं दांडं उचलायला बघितलं, काकींनीही बघितलं. दोन बायका आणि एक माणूस, जड छपराची गाडी. नाही उचललं. दिवाणनं घाई केली नाही, पण थांबलाही नाही.

साहेब रस्त्यावर पडले होते. गुडघ्याखाली पाय भलतीकडं वळलेला. आम्हाला बघून म्हणाले, "छप्पर?"

काकी त्यांच्याजवळ बसल्या. कपाळावरचं रक्त पदरानं पुसलं. "छप्पर शाबूत आहे. तुमचा पाय मोडलाय. दिवाण मेला."

"आढं?"

"आढंसुद्धा."

साहेबांनी डोळे मिटले आणि मग विव्हळले. तोपर्यंत विव्हळायचे राहिले होते.

म्हादू वर गावात पळाला. काकी उठल्या, मला म्हणाल्या, "तू यांच्याजवळ बस." आणि चालायला लागल्या. भर रस्त्यानं, उजेडात, पिठानं पांढऱ्या, डोक्यावर पदर नाही. साहेब पडल्या पडल्या म्हणाले, "लोक बघतील."

काकी मागं न बघता म्हणाल्या, "बघू देत. चालतेय मी."

भाऊ चार माणसं आणि एक बाज घेऊन उतरला. त्यानं मेहुण्याचा पाय बघितला, आडवं झालेलं घर बघितलं, छप्पर बघितलं, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. तापट माणसाला हे किती जड गेलं असेल ते मी समजू शकते. बाजेवर घालून त्यांनी साहेबांना वर नेलं आणि माजघरात निजवलं, बरोबर त्याच आढ्याखाली. चौदा वर्षांपूर्वीची चीर होती तिथंच होती. हाड बसवणाऱ्यानं पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, दोन महिने हलायचं नाही.

साहेब दोन महिने त्या चिरीकडं बघत उताणे पडून राहिले. जेवण मेहुण्याच्या बायकोच्या हातचं, त्याच छपराखाली शिजलेलं. खात होते. एकदा मी विचारलं, "साहेब, किती वर्षं लिहू या आढ्याला?" त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

मिस्त्री गाडी बघायला कोल्हापुराहून आले. त्यांना आपलं काम मोडलेलं बघवत नव्हतं. साहेबांच्या बाजेजवळ बसून बराच वेळ बोटं मोजत राहिले, मग म्हणाले, "साहेब, तुमी उतरला तवा मागच्या दोघीस्नी का न्हाय उतरवलं?"

साहेब म्हणाले, "त्यांनी बसावं म्हणूनच घर केलं होतं, मिस्त्री."

मिस्त्रींनी मान हलवली. यावर त्यांच्याजवळ काही अवजार नव्हतं.

आणि काकी. त्या दिवशी त्या घरात शिरल्या तेव्हा आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. हातानंच, डोळ्यांचा उपयोग फार नव्हता. कोणी तरी समोर उभं राहिलंय एवढं तिला दिसलं. तिनं काकींचा हात धरून त्यांना अंगणात उन्हात आणलं, तोंड एका बाजूला वळवून चांगल्या डोळ्यासमोर धरलं, गालावरचं पीठ अंगठ्यानं पुसलं आणि बराच वेळ बघितलं.

"म्हातारी झालीस की गं," ती म्हणाली.

काकी म्हणाल्या, "तूच उशीर केलास निरोप धाडायला."

त्या तिथं साहेबांचा पाय बरा होईपर्यंत राहिल्या. आईचा दुसरा डोळा संक्रांतीच्या आसपास गेला. काकींना तिनं बघितलं होतं.

दिवाणला म्हादूनं आणि गावच्या लोकांनी चढाच्या कडेलाच पुरलं. त्या दिवशी त्या रस्त्यावर आम्ही जे होतो त्यातले साहेब, काकी, म्हादू, सोन्या बैल आणि मी, एवढे जगलो.